देवगिरीची गुरुपरंपरा व योगशास्त्रांतील ‘अनवच्छिन्न’ धर्म

देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांचे गुरु कोण, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांत फार दिवसांपासून वादाचा होऊन बसला आहे. एक पक्ष दत्तात्रेयाचें नांव घेतो, दुसरा चांद बोधले यांचें; आणि चांद बोधले हे हिंदू कीं मुसलमान, यावर पुन्हां निराळा पोटवाद आहे. या वादांत सामग्री पुष्कळ पुढें आली, परंतु एक साधन मात्र बाजूस पडून राहिलें, तें म्हणजे योगशास्त्र. ज्या मंडळींविषयीं आपण भांडतों ती सर्व योगाच्या परिभाषेंत विचार करणारी होती. त्या परिभाषेंत गुरु आणि धर्म या शब्दांची व्याप्ति काय, हें आधीं पाहिलें तर हा वाद निराळ्याच ठिकाणीं जाऊन उभा राहतो, असें आमचें मत झालें आहे. तें येथें विद्वानांपुढें ठेवतों.

प्रथम साधनें पाहूं. सर्वांत जुनें साधन एकनाथांचें स्वतःचें लेखन. एकनाथी भागवत शके १४९५ (इ. स. १५७३) मध्यें काशीस पुरें झालें. परंपरेनें जनार्दनस्वामींचा काल शके १४२६ ते १४९७ (इ. स. १५०४–१५७५) मानला आहे, तो धरल्यास गुरु हयात असतांनाच शिष्यानें हा ग्रंथ संपविला. त्याच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस दत्तात्रेयाचे शिष्य सांगितले आहेत: सहस्रार्जुन, यदु, आणि कलियुगांत जनार्दन. चांद बोधल्यांचें नांव तेथें नाहीं. दुसरें साधन शेख महंमद श्रीगोंदेकरांचा योगसंग्राम. हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ (इ. स. १६४५) चा. त्यांत कर्ता आपली परंपरा सांगतांना चांद बोधल्यांनीं जानोपंतांचा अंगीकार केला व जानोबांनीं एकास उपदेश केला, असें सरळ म्हणतो. जानोपंत म्हणजे जनार्दनस्वामी आणि एका म्हणजे एकनाथ, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तिसरें साधन महिपतीचें. भक्तविजय शके १६८४ (इ. स. १७६२) चा, भक्तलीलामृत शके १६९६ (इ. स. १७७४) चें, म्हणजे मूळ घटनेनंतर जवळजवळ दोनशें वर्षांचें. या चरित्रपरंपरेंत दत्तात्रेय येतात ते मलंग फकिराच्या वेषांत, बरोबर कुत्री घेऊन. आणि एकनाथास तें दर्शन प्रथम ओळखूं येत नाहीं.

या तिन्ही साधनांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. रा. चिं. ढेरे यांनीं ‘मुसलमान मराठी संतकवि’ (१९६७) या ग्रंथांत चांद बोधले हे कादरी संप्रदायाचे सूफी होते, हें मत साधार मांडलें. उलट कांहीं अभ्यासक त्यांस चंद्रभट नांवाचा ब्राह्मण मानतात व फकिरी हा केवळ बाह्यवेष ठरवितात. एका पक्षाला मलंगाच्या आड दत्त दिसतो, दुसऱ्याला दत्ताच्या आड मलंग. दोन्ही पक्षांस एक गोष्ट मात्र सारखीच मान्य आहे. ती ही कीं, गुरूचा पंथ ठरल्यावांचून परंपरा ठरत नाहीं. आमचा आक्षेप याच गृहीतकास आहे.

कालगणनेची एक अडचण येथेंच नोंदवून ठेवतों. जनार्दनस्वामींचा जन्म इ. स. १५०४ चा धरला तर त्यांचे गुरु त्यांहून वडील, निदान समवयस्क तरी असावेत. शेख महंमद १६४५ मध्यें ग्रंथ लिहितात. त्यांनीं चांद बोधल्यांचा उपदेश प्रत्यक्ष घेतला असें मानावयाचें तर शिष्य अगदीं कोंवळा व गुरु अतिवृद्ध असला पाहिजे. हें अशक्य नाहीं, परंतु ओढूनताणून होतें. दुसरा मार्ग असा कीं, परंपरेंतील एखादा दुवा गाळून मूळपुरुषाचेंच नांव गुरु म्हणून घेतलें असावें. तसें घेण्याची चाल दोन्हीकडे आहे. सूफी मंडळींत प्रत्यक्ष न भेटलेल्या सत्पुरुषाकडून मिळालेल्या दीक्षेस उवैसी म्हणतात. पैगंबरांस कधीं न भेटलेल्या उवैस करनीच्या नांवावरून ती संज्ञा पडली. आमच्याकडे दत्तात्रेयाची दीक्षा ती हीच. या दृष्टीनें एकनाथांचा दत्त आणि शेख महंमदांचे चांद बोधले हीं परस्परविरुद्ध विधानें न राहतां एकाच प्रकारच्या नोंदी ठरतात.

आतां शास्त्राकडे वळूं. येथें आमची जुन्या पेशाची खोड आड आली तर वाचकांनीं क्षमा करावी. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविल्यावर शब्दाचें मूळ पाहिल्यावांचून पुढें पाऊल टाकवत नाहीं.

धर्म हा शब्द योगसूत्रांत आपण समजतों त्या अर्थानें क्वचित्‌च येतो. तिसऱ्या पादांत धर्म व धर्मी यांची चर्चा आहे, ती पदार्थाचा गुण व गुणाचा आश्रय या अर्थानें: माती धर्मी, तिचे पिंड, घट इत्यादि आकार हे धर्म. चौथ्या पादाच्या अखेरीस धर्ममेघ समाधि येते, व त्या समासाचा विग्रह कसा करावा यावर टीकाकारांचें एकमत नाहीं. ज्यास आपण आचरणाचा धर्म म्हणूं त्याची चर्चा दुसऱ्या पादांत यमांच्या ठिकाणीं आहे, आणि तेथें सूत्रकारानें धर्म हा शब्द वापरलेलाच नाहीं. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पांच यम सांगून पुढच्याच सूत्रांत (२.३१) तो म्हणतो कीं, जाति, देश, काल आणि समय यांनीं ज्यांस मर्यादा पडत नाहीं असे हे यम सार्वभौम असून त्यांस महाव्रत ही संज्ञा आहे.

या सूत्रावरील व्यासभाष्य फार व्यावहारिक आहे. कोळी म्हणतो, मी मासे मारीन, दुसरें कांहीं मारणार नाहीं. त्याची अहिंसा जातीनें मर्यादित झाली. कोणी म्हणतो, तीर्थांत मारणार नाहीं. ती देशानें मर्यादित. कोणी म्हणतो, चतुर्दशीस किंवा पुण्यदिवशीं मारणार नाहीं, ती कालानें. आणि कोणी म्हणतो, देवाब्राह्मणांच्या कार्यावांचून मारणार नाहीं, किंवा क्षत्रिय म्हणतो युद्धावांचून मारणार नाहीं. ती समयानें, म्हणजे संकेतानें वा प्रसंगानें, मर्यादित. ज्या अहिंसेस या चारांपैकीं एकही कुंपण नाहीं ती महाव्रत. भाष्यकारानें देवाब्राह्मणांचें कार्य हें उदाहरण कोळ्याच्या जाळ्याच्या पंक्तीस बसविलें आहे, याकडे आमचे पुष्कळ शास्त्री विद्यार्थ्यांचें लक्ष जाऊं देत नाहींत.

स्मृतिकारांस हा विचार अपरिचित नव्हता. मनूनें दहाव्या अध्यायांत अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच व इंद्रियनिग्रह हा चारी वर्णांचा संक्षिप्त धर्म म्हणून सांगितला आहे. भागवताच्या एकादश स्कंधाच्या सतराव्या अध्यायांत याच जातीच्या गुणांस सार्ववर्णिक धर्म म्हटलें आहे, व एकोणिसाव्यांत यम पांचांचे बारा झाले आहेत. हे दोन्ही अध्याय एकनाथांच्या टीकेंत सविस्तर आलेले आहेत. म्हणजे पैठणास कीर्तनाला बसणाऱ्या सामान्य श्रोत्यापर्यंत हा विचार मराठींतून पोहोंचला होता. तथापि सार्ववर्णिक आणि सार्वभौम यांत अंतर आहे. सार्ववर्णिक धर्म चारी वर्णांस सारखा असला तरी वर्णांच्या वर्तुळाबाहेर पाहत नाहीं. सार्वभौमांत तें वर्तुळच नाहीं. तेथें जातीचें बंधन प्रथमच गळून पडतें. अविंध, म्हणजे कान न टोचलेला, असें स्वतःस म्हणविणारे शेख महंमद पहिल्या व्याख्येंत बसत नाहींत. दुसरींत त्यांस कोणी अडवूं शकत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट शब्दाची. यमांच्या सूत्रांत जो अनवच्छिन्न शब्द आहे त्याच धातूचा अनवच्छेद हा शब्द पहिल्या पादांत ईश्वराविषयीं येतो (१.२६). ईश्वर हा पूर्वीच्यांचाही गुरु, कारण त्यास कालाची मर्यादा नाहीं, असा त्या सूत्राचा आशय. एके ठिकाणीं गुरु अनवच्छिन्न, दुसऱ्या ठिकाणीं व्रत अनवच्छिन्न. योगशास्त्रांत माणूस हा गुरुतत्त्वाचें केवळ स्थान असतो. तो कोणत्या घरीं जन्मला हें त्या स्थानाचें वर्णन झालें, तत्त्वाचें नव्हे. दत्तात्रेय मलंगाच्या वेषांत आले असें महिपति लिहितो, तेव्हां तो कांहीं झांकीत आहे असा आरोप अलीकडे होतो. थोडें झांकणें असेलही. अठराव्या शतकांतील श्रोत्यास तें पचावें म्हणून वेष हा शब्द सोयीचा होताच. परंतु ज्याचा गुरु मुळांत अनवच्छिन्न आहे त्याच्या दृष्टीनें वेष हें खरें वर्णन आहे, मग तो वेष मलंगाचा असो कीं ब्राह्मणाचा.

हा विचार केवळ पोथींतला नव्हे, याची साक्ष आमच्या संभाजीनगरच्या परिसरांत दगडांत कोरलेली आहे. देवगिरीहून वेरूळ कांहीं कोसांवर. तेथील चौतीस लेण्यांपैकीं पहिलीं बारा बौद्ध, मधलीं सतरा ब्राह्मणी व शेवटचीं पांच जैन. तीन ताल लेण्यांत ध्यानस्थ बुद्धांची ओळ आहे, धुमार लेण्यांत योगीश्वर शिव आहे, इंद्रसभेंत महावीर आहे. मांडी घालून बसण्याची रीत तिघांचीही योग्याचीच. शाळेच्या सहलींत मुलें विचारीत, गुरुजी, हे सगळे एकसारखे कां बसले आहेत? त्या वेळीं आम्ही शिल्पशैलीचें उत्तर देत असूं. खरें उत्तर शास्त्रांत आहे. पतंजलीचे पांच यम आणि जैनांचीं पांच महाव्रतें हीं नांवांसकट एकच आहेत, आणि महाव्रत ही संज्ञा जैनांच्या घरची. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रांत अणुव्रत व महाव्रत असा भेद केला आहे तो मर्यादित आणि अमर्यादित याच कसोटीवर. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या योगसूत्रांतील (१.३३) चार भावना म्हणजे बौद्धांचे ब्रह्मविहार. कोणी कोणाकडून घेतलें याचा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. घेणाऱ्यास तें परक्याचें वाटलें नाहीं, एवढें आम्हांस पुरे.

मुसलमान विद्वानांसही योग परका वाटला नाहीं. अल्‌ बेरुणी यानें पातंजल योगाचें अरबी भाषांतर हिंदुस्थानावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या आधीं, म्हणजे इ. स. १०३० च्या सुमारापूर्वीं, केलें होतें. त्याची हस्तलिखित प्रत इस्तंबूल येथें सांपडली व रिटर यांनीं ती १९५६ मध्यें छापली. अमृतकुंड नांवाचा हठयोगाचा ग्रंथ अरबींत गेला, आणि ग्वाल्हेरच्या शेख महंमद गौस या शत्तारी सूफीनें सोळाव्या शतकांत तो बहर-उल्‌-हयात या नांवानें फारसींत आणला. गौस व जनार्दनस्वामी समकालीन होत. तेव्हां त्या काळीं एखाद्या सूफीनें मराठी माणसास योगाच्या भाषेंत उपदेश केला, तर त्यांत चमत्कार मानण्यासारखें कांहीं नव्हतें.

जनार्दनस्वामींच्या ठायीं हा विचार कसोटीस लागला, कारण ते संन्यासी नव्हते; चाळीसगांवचे देशपांडे, आणि चाकरी निजामशाहीची. देवगिरी इ. स. १४९९ मध्यें अहमद निजामशहानें घेतली व १६३३ पर्यंत ती त्या राज्याकडे राहिली. स्वामींचा सर्व काल त्यांत बसतो. त्यांच्याविषयीं ज्या कथा चालत आल्या त्यांत एक गुरुवारच्या सुटीची आहे. गुरुवार हा स्वामींचा ध्यानाचा वार म्हणून गडावरील कचेरी शुक्रवारऐवजीं त्या दिवशीं बंद राही, असें परंपरा सांगते. दुसरी हिशेबाची: एका पैची चूक एकनाथांनीं रात्रभर जागून शोधिली व ती सांपडतांच टाळी वाजविली. या कथेंत पुढें चमत्कार कांहीं नाहीं. सरकारी हिशेबांतील एक पै बरोबर लागणें हाच तिचा शेवट. राजा कोणत्या मताचा हें न पाहतां त्याच्या खजिन्यांतील पै जागच्या जागीं असावी, हें अस्तेय व्रत झालें. आणि तें देशकालसमयांनीं मर्यादित नाहीं.

तिसरी कथा अडचणीची आहे, व आमच्या मतें सर्वांत मोलाची. गडावर शत्रु चालून आला तेव्हां जनार्दनस्वामी समाधींत होते. समाधि मोडूं नये म्हणून एकनाथांनीं त्यांचें चिलखत अंगावर चढविलें, फौजेच्या पुढें होऊन शत्रु परतविला, आणि चिलखत जागेवर ठेवून पुन्हां सेवेस लागले. कीर्तनकार ही कथा गुरुभक्तीची म्हणून सांगतात. परंतु व्यासभाष्य वाचलेल्या माणसास येथें थांबावें लागतें. युद्धावांचून मारणार नाहीं, हें तर भाष्यकारानें मर्यादित व्रताचें उदाहरण दिलें आहे! आंत अनवच्छिन्न समाधि, बाहेर समयावच्छिन्न अहिंसा. आणि त्या दोहोंमध्यें एक तरुण शिष्य चिलखत घालून उभा. कथाकारानें ही विसंगति लपविली नाहीं, सोडविलीही नाहीं. महाव्रत बोलणें सोपें, किल्ल्याच्या किल्ल्या कमरेस असतां तें पाळणें कठीण, ही गोष्ट देवगिरीच्या परंपरेस ठाऊक होती असें त्यावरून दिसतें. कथेची ऐतिहासिक सत्यता आम्ही गृहीत धरीत नाहीं; परंतु परंपरेनें आपल्याविषयीं काय जतन केलें, हाही पुरावाच आहे.

त्याच परंपरेंतील शेख महंमदांनीं आपल्या ग्रंथास योगसंग्राम हें नांव दिलें, तें या कथेच्या जोडीस ठेवून पाहण्यासारखें आहे. तेथें रणांगण मनुष्याच्या आंत आहे. साधक हा वीर व अहंकारादि विकार हे शत्रु. ज्या युद्धानें अहिंसेस मर्यादा पडते तें युद्धच त्यांनीं मर्यादेबाहेर, म्हणजे अंतःकरणांत, नेऊन ठेवलें. हिंदूंच्या व मुसलमानांच्या पोकळ आचारांवर ते सारख्याच शब्दांत टीका करतात. वेरूळच्या मालोजी भोसल्यांनीं त्यांस श्रीगोंद्यास आणून जागा दिली, अशी परंपरा आहे. एकनाथांचा हिंदु-तुर्क संवादही याच वळणाचा. दोघे एकमेकांच्या आचारांचीं वर्में यथेच्छ काढतात, आणि अखेरीस वाद शब्दाचा होता असें ओळखून आलिंगन देतात. भांडण गाळून केवळ आलिंगन सांगण्याची आजकाल पद्धत पडली आहे. ती एकनाथांवर अन्याय करणारी आहे. मर्यादा कोठें कोठें आहेत हें स्पष्ट बोलल्यावांचून अमर्यादाचा उच्चार त्यांनीं केला नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. या पुरुषांस आजच्या सर्वधर्मसमभावाचे प्रणेते म्हणून उभें करण्यांत अर्थ नाहीं. एकनाथ वर्णाश्रमाच्या चौकटींत राहिले, गृहस्थाचे आचार त्यांनीं सोडले नाहींत. शेख महंमदांनीं आपलें अविंधपण टाकलें नाहीं. धर्म म्हणजे अनेक पंथांपैकीं एक पंथ, हा अर्थ आज आपल्या जिभेवर इतका बसला आहे कीं सर्वधर्म असें अनेकवचन आपण सहज करतों. यमांच्या सूत्रांतील विचारास तें अनेकवचन लावतां येत नाहीं. सत्य हें कोणाच्या सत्याशीं समभावानें वागत नसतें. तें एक तर पाळलें जातें, नाहीं तर मोडलें जातें. देवगिरीच्या मंडळींनीं पंथांची बेरीज केली नाहीं. पंथाच्या अलीकडील जी वस्तु, तिच्यावर एकमेकांस ओळखलें.

आतां हें सर्व पोथ्या जमविणाऱ्यांपुढें मांडण्याचें कारण सांगतों. त्यांत आमची स्वतःचीच चूक सांगावी लागते. आम्ही तिशींत असतां मराठवाड्यांतील एका गृहस्थांकडील रुमाल लावून देण्याचें काम हौसेनें पत्करलें होतें. त्यांत एक बाड होतें. पूर्वार्धांत यमनियमांची ओवीबद्ध चर्चा, उत्तरार्धांत पंधरा-वीस पानांवर पीरांची नांवें एकाखालीं एक व मधूनमधून फारसी शब्द. अक्षर एकाच हाताचें होतें, हें आम्हांस तेव्हांही दिसलें होतें. तरीही यादींत ‘वेदान्त’ आणि ‘मुसलमानी’ असे दोन रकाने आधींच आंखून ठेवलेले असल्यामुळें आम्हीं सुतळी सोडली, पानें वेगळीं केलीं आणि दोन रुमालांत दोन ठिकाणीं बांधलीं. नीटनेटकें काम केल्याचें समाधान वाटलें. पुढें घराच्या वांटण्या झाल्या. पहिला रुमाल एका भावाकडे गेला, दुसरा कोणासच नको होता. बऱ्याच वर्षांनीं आम्ही चौकशीस गेलों, तेव्हां पावसाळ्यांत भिजून तो टाकून दिल्याचें कळलें. त्या पानांत काय होतें याची नक्कल आम्हीं केली नव्हती. तीं चांद बोधल्यांच्या परंपरेचीं होतीं असें म्हणण्याचा आम्हांस कांहीं अधिकार नाहीं. परंतु तीं तशीं नव्हतीं असें म्हणण्याचाही मार्ग आम्हींच बंद करून टाकला. लिहिणाऱ्याच्या हातीं जी वस्तु अनवच्छिन्न होती तिला अवच्छेद केला तो आमच्या कात्रीनें.

शेख महंमदांचे ग्रंथ वा. सी. बेंद्रे यांच्या परिश्रमानें छापून निघाले आहेत. ज्यांच्या संग्रहीं योगसंग्रामाची जुनी प्रत असेल त्यांस आमची विनंति अशी कीं, परंपरेच्या ओव्या छापील पाठाशीं अक्षरशः ताडून पाहाव्या. नांवाचा पाठ चांद आहे, चांग आहे कीं चंद्र, व तेथें खाडाखोड किंवा हरताळ लावलेला आहे काय, हें विशेषेंकरून पाहावें. कोणी हरताळ लाविला असल्यास त्याखालचें अक्षर ओलें न करतां तिरप्या उजेडांत बहुधा वाचतां येतें. लेखनाचा शक, लेखकाचें नांव व गांव हीं टिपावीं. आणि त्याच वेष्टनांत दुसरे कागद असल्यास, ते कोणत्याही लिपींतले असोत, आहेत त्याच क्रमानें राहूं द्यावे व त्यांवर पेन्सिलीनें अनुक्रमांक घालावे. रुमालावर नांव घालणें झाल्यास धन्याचें आणि गांवाचें घालावें.